‘पर्मनंट’पासून ईव्हीपीपर्यंत

‘मुलगा कंपनीत आहे’ एवढं सांगितलं की नाशकात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: ‘पर्मनंट आहे का?’ स्थळ पाहायला आलेली मंडळी पगाराचा आकडा नंतर विचारत. एम्प्लॉयी व्हॅल्यू प्रपोझिशन, म्हणजे हल्ली एचआरवाले ज्याला ईव्हीपी म्हणतात, ते या शहरात बराच काळ या एका शब्दात मावत होतं. कामगारानं आपले दिवस द्यायचे, त्याबदल्यात कंपनी त्याला काय देणार, हा त्यातला सौदा.

सौद्याचा जुना नमुना नाशिकरोडला दिसतो. तिथं १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. त्या काळापासून ‘प्रेसमध्ये लागला’ म्हणजे घर मार्गी लागलं, असं मानायची पद्धत पडली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, सातपूर वसलं, पुढे अंबड आलं. ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, त्याच्याबरोबर कामगारांची वसाहतही. सरकारी असो की खासगी, मोठ्या कारखान्यांचं देणं साधारण सारखंच होतं: शिफ्टची बस, कँटीन, गणवेश, दिवाळीचा बोनस.

यातलं बरंचसं कंपनीच्या औदार्यातून आलेलं नाही, हे मात्र विसरलं जातं. २५० हून जास्त कामगार असले की कँटीनची सक्ती करता येईल, अशी सोय १९४८च्या कारखाना कायद्यात होती. पीएफ १९५२चा, बोनसचा कायदा १९६५चा, ग्रॅच्युइटी १९७२ची, तीही सलग ५ वर्षं टिकलेल्याला. बाकीचं युनियननं करार करून मिळवलं. मालकाच्या मनातून आलेलं त्यात किती, हे प्रत्येक कंपनीनं स्वतःला विचारावं.

संकल्पनेला नाव मिळालं ते परदेशात. १९९६ मध्ये टिम अ‍ॅम्बलर आणि सायमन बॅरो यांनी ‘एम्प्लॉयर ब्रँड’वर, म्हणजे नोकरी देणारी म्हणून कंपनीची जी ओळख असते तिच्यावर, लेख लिहिला. नोकरीतून मिळणारे कामाचे, पैशाचे आणि मनाचे फायदे त्यांनी एकत्र मोजले. पुढच्याच वर्षी मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं गुणी माणसांसाठीच्या चढाओढीचा विषय पुढे आणला आणि ईव्हीपी हा शब्द व्यवस्थापनाच्या बोलण्यात रुळला.

आपल्याकडे तोवर वारं फिरलं होतं. १९९१ नंतर पर्मनंट भरती आटत गेली, ठेकेदाराची माणसं वाढली. एकाच लाइनवर, एकाच मशीनला दोन माणसं. एकाच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या ठेकेदाराचं. भिंतीवर ‘आम्ही एक कुटुंब’ लिहिलेलं असलं, तरी दुसरा ते कशाला वाचेल?

त्यापेक्षा अंबडच्या छोट्या युनिटांच्या गेटवरचे ‘पाहिजेत’चे बोर्ड वाचण्यासारखे असतात. सीएनसी ऑपरेटर, टर्नर, हेल्पर. खाली ‘पगार योग्यतेनुसार’, आणि माणूस फारच मिळेनासा झाला की त्याखाली मार्करनं घातलेली भर: पीएफ, ईएसआय, एक वेळचं जेवण, पगार ७ तारखेला.