असणं-नसणं (रेनेसान्स काळातली इंग्रजी नाटकं आणि कविता)

‘आहे’ म्हणजे नेमकं काय आणि जे नाही त्याबद्दल काही बोलता तरी येतं का, हा ग्रीकांपासूनचा वाद. युनिव्हर्सिटीतल्या लॅटिन वादविवादांतून तो सोळाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या स्टेजवर आला.

अभ्यास करायचा तर सुरुवात नाटककार मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’पासून करावी (साधारण १५८८ ते १५९२ मधलं, नक्की वर्षावर एकमत नाही). जर्मनीतल्या विटेनबर्ग युनिव्हर्सिटीतला हा विद्वान फॉस्टस पहिल्याच सीनमध्ये एकेक शास्त्र बाजूला टाकतो, आणि तिथे १६०४ च्या छापील प्रतीत ‘ऑनकेमेऑन’ असा कुठल्याच भाषेत न बसणारा शब्द आहे. पुढच्या छपाईत तो कुणीतरी ‘इकॉनॉमी’ करून टाकला, १६१६ च्या प्रतीतही तेच आहे आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक तेच वाचत होते, कारण गृहव्यवस्थेवरचा एक ग्रंथ अॅरिस्टॉटलच्या नावावर आहेच, त्यामुळे अर्थ लागल्यासारखा वाटायचा. मग १८८५ च्या एडिशनमध्ये संपादक बुलन यांनी ओळखलं की हे ग्रीक ‘ऑन काय मे ऑन’ आहे, म्हणजे ‘असणं आणि नसणं’, छापणाऱ्याने कानाला वाटलं तसं जुळवलेलं. आता बहुतेक संपादक हेच घेतात आणि ते पटतं, कारण फॉस्टस नुकताच तर्कशास्त्राला रामराम ठोकत असतो. हे शब्द अॅरिस्टॉटलकडून आले की नसण्यावर लिहिणाऱ्या ग्रीक विचारवंत गॉर्जियसकडून, यावर मात्र मतं वेगळी आहेत, गॉर्जियसकडे कल थोडा जास्त दिसतो.

शेक्सपिअरचा हॅम्लेटही विटेनबर्गचाच स्टुडंट. त्याच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या स्वगताचं पहिलं क्रियापद ‘असणं’ आहे, मरणं पुढच्या ओळींत येतं, आणि ऑफेलिया दिसेपर्यंत त्यात ‘मी’ एकदाही नाही, ‘आपण’ आहे, म्हणून काही अभ्यासक ते आत्महत्येच्या विचारापेक्षा वर्गातल्या वादाच्या साच्यातलं मानतात. १६०३ च्या प्रतीत तर पहिल्या ओळीचा दुसरा अर्धा भाग ‘हाच मुद्दा आहे’ असा आहे, ‘प्रश्न’ हा शब्द १६०४-०५ च्या प्रतीतला. फ्रेंच निबंधकार मोंतेन्यचं ‘असण्याशी आपला संबंधच येत नाही’ हे म्हणणं (मुळात ग्रीक लेखक प्लुटार्ककडून घेतलेलं) शेक्सपिअरपर्यंत पोचलं असावं, पण मोंतेन्यच्या निबंधांचं फ्लोरिओने केलेलं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं १६०३ मध्ये, म्हणजे बहुधा हॅम्लेटनंतर, त्यामुळे जपून. ‘किंग लिअर’मधलं ‘शून्यातून शून्यच येणार’ हे जुनं तत्त्वज्ञानाचं सूत्र, ते एक बाप मुलीला सुनावतो.

कवितेत स्पेन्सरचे बदलाच्या देवतेवरचे सर्ग (१६०९, मृत्यूनंतर छापलेले) आणि जॉन डनची सेंट ल्युसीच्या रात्रीवरची कविता (१६३३) महत्त्वाची, डनच्या कवितेत प्रेमाने माणूस ‘नसलेल्या गोष्टीं’तून पुन्हा घडवला जातो.

मराठीत आगरकरांचं ‘विकारविलसित’ (१८८३) हे हॅम्लेटचं भाषांतर आलं, नट गणपतराव जोशींनी ते गाजवलं, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘नटसम्राट’मधलं ‘जगावं की मरावं’, आणि त्यात ‘असणं’ गळालं.