ऑब्जेक्ट आणि टेबल यांच्यामधला दुभाषा

एक लेखक आणि त्याची पुस्तके. प्रोग्रॅममध्ये लेखक हा ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेला घटक, असतो आणि पुस्तकांची यादी त्याच्या पोटातच असते. लेखक हाती आला की पुस्तके आलीच. डेटाबेसमध्ये मात्र माहिती ओळी-रकान्यांच्या टेबलांत असते, आणि तिथे लेखकाच्या ओळीत पुस्तकांचा मागमूसही नसतो. उलट पुस्तकांच्या टेबलात प्रत्येक ओळीवर लेखकाचा क्रमांक लिहिलेला असतो. नाते एकच, पण इकडे लेखक पुस्तकांकडे बोट दाखवतो आणि तिकडे पुस्तक लेखकाकडे.

हा विसंवाद कुणाच्या चुकीतून आलेला नाही. ऑब्जेक्टची कल्पना 1960च्या दशकात नॉर्वेमध्ये सिम्युला या भाषेत रुजली, कारण तिच्या कर्त्यांना खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर करायची होती. टेबलांची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970मध्ये मांडली. त्यांना हवे होते ते वेगळेच: माहिती आत कशी साठवली आहे हे ठाऊक नसतानाही ती कुणालाही विचारता यावी. दोन्ही कल्पना टिकल्या आणि एकाच प्रोग्रॅममध्ये नांदू लागल्या.

त्यांच्यामध्ये उभा राहणारा दुभाषा म्हणजे ओआरएम, अर्थात ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग. कोणता क्लास (ऑब्जेक्टचा साचा) कोणत्या टेबलाचा, कोणता गुणधर्म कोणत्या कॉलममध्ये, हे त्याला एकदा सांगून ठेवले की एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, तो स्वतः लिहितो. गॅव्हिन किंग यांनी 2001मध्ये सुरू केलेले जावाचे हायबरनेट, रूबी ऑन रेल्सचे अॅक्टिव्ह रेकॉर्ड, पायथनचे एसक्यूएलअल्केमी ही याच घराण्यातली नावे.

यातला सर्वांत देखणा भाग मला वाटतो तो ओळख सांभाळण्याचा. समजा, प्रोग्रॅमच्या दोन कोपऱ्यांतून 7 क्रमांकाचा लेखक मागवला. दोन वेगळ्या प्रती तयार झाल्या तर एकीत केलेली दुरुस्ती दुसरीला कळणारच नाही. म्हणून हायबरनेटसारखी साधने आणलेल्या ऑब्जेक्टची नोंदवही ठेवतात. 7 क्रमांक पुन्हा मागितला की तोच ऑब्जेक्ट हाती देतात. शिवाय तो आणताना कसा होता हेही लक्षात ठेवतात. काम संपताना जुने-नवे ताडून पाहतात आणि बदल झाला असेल तरच दुरुस्तीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची सूचना, पाठवतात. ‘हे साठव’ असे वेगळे सांगावेही लागत नाही.

पण दुभाषावर पूर्ण विसंबले की गोत्यात आलोच. 200 लेखकांची यादी आणली आणि लूपमध्ये, म्हणजे एकेक करून, प्रत्येकाच्या पुस्तकांची संख्या छापली. कोड दोन-तीन ओळींचा, वाचायला स्वच्छ. क्वेरींचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, उघडला की मात्र छातीत धस्स होते. पहिली क्वेरी लेखकांची, आणि तिच्याखाली एकीसारखी एक 200 क्वेरी. फक्त शेवटचा आकडा बदलतो: 1, 2, 3... कारण पुस्तके मागितल्याशिवाय आणायची नाहीत, असे धोरण अनेक ओआरएम पाळतात. त्याला लेझी लोडिंग म्हणतात. एका लेखकापुरते ते शहाणपणाचे असते, पण लूपमध्ये तेच अंगाशी येते. डेटाबेसकडच्या एका खेपेला 5 मिलिसेकंद धरले तरी 201 खेपांना सेकंदाहून जास्त वेळ जातो. या दुखण्याला ‘एन प्लस वन’ म्हणतात: यादीची एक क्वेरी आणि एन लेखकांच्या एन. चाचणीच्या डेटाबेसमध्ये तीनच लेखक असतात, त्यामुळे तिथे ते लक्षातही येत नाही.

उपाय साधा आहे. पुस्तकेही लागणार, हे आधीच सांगायचे. मग ओआरएम जॉइन करून, म्हणजे दोन्ही टेबले जोडून, सगळे एका खेपेत आणतो. त्यातही एक मेख आहे: 40 पुस्तके असलेल्या लेखकाचे नाव आणि परिचय 40 ओळींमध्ये पुन्हा पुन्हा येतो. परिचय लांबलचक असेल तर दोन क्वेरी बऱ्या: एक लेखकांची, दुसरी त्या सगळ्यांच्या पुस्तकांची. खरे तर इथे फक्त संख्या हवी होती. ती डेटाबेसलाच मोजायला सांगितली असती, तर एकही पुस्तक आणावे लागले नसते.