भाकड दिवसांचा मिथेन

गाईम्हशींचा मिथेन बहुतांशी बाहेर पडतो तो तोंडावाटे, ढेकरेतून. कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. आर्किया नावाचे जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते, म्हणजे पशुपालकाच्याच पदरची वैरण वाया जाते. २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमानवाढ घडवतो. पण तो वातावरणात साधारण १२ वर्षंच टिकतो, म्हणून आज केलेली कपात आपल्या हयातीतच जाणवेल.

२०१९च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. ज्याचं घर दोन जनावरांच्या दुधावर चालतं, त्याला ‘जनावरं कमी कर’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यापेक्षा मिथेन दुधाच्या लिटरमागे मोजावा. गाय दूध देवो न देवो, जगण्यापुरतं खातेच आणि तेवढा मिथेन सोडतेच. कालवड उशिरा गाभण राहिली, दोन वेतांतलं अंतर लांबलं, लाळ्या-खुरकुताने दूध आटलं, की तेवढे दिवस मिथेन चालू आणि दूध बंद. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१०च्या अहवालानुसार दुधामागचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत दुधाच्या किलोमागे ७.५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं होतं; जागतिक सरासरी होती २.४.

उपाय गव्हाणीपासूनच सुरू होतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यात येतो. टेपने जनावराच्या छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज घेतो, दूध किती आणि फॅट किती ते विचारतो, घरात कोणता कडबा, कोणती पेंड आहे ते पाहतो. मग संगणक त्याच वस्तूंचं कमीत कमी खर्चाचं प्रमाण सांगतो. बहुतेकदा कमतरता निघते ती खनिज मिश्रणाची. या कार्यक्रमात लिटरमागचा मिथेन १२ ते १५ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं, शिवाय चाऱ्याचा खर्चही उतरला. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पशुपालक हवामानासाठी नाही, पण खर्चासाठी नक्की बदलेल.

औषधी पूरकंही आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ बनवलं. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो, असं संस्था सांगते. युरोपात मान्यता मिळालेलं ३-एनओपी हे रासायनिक पूरक तर सुमारे ३० टक्के कपात करतं, पण ते रोजच्या खाद्यात नीट मिसळावं लागतं. दिवसभर माळावर चरणाऱ्या जनावराला ते कसं द्यायचं?

एक धोका मात्र उरतो. लिटरमागचा मिथेन घटला आणि कळप वाढतच गेला, तर एकूण आकडा खाली येणार नाही. म्हणून कृत्रिम रेतनासाठीच्या लिंगनिर्धारित रेतमात्रांना महत्त्व आहे. त्यांतून जवळपास ९० टक्के कालवडी जन्मतात, आणि ट्रॅक्टर आल्यावर ज्यांना काम उरलं नाही अशा गोऱ्ह्यांची संख्या आपोआप घटते.