वृद्धांमधील खुब्याचे फ्रॅक्चर : प्रमाण आणि मृत्युदर

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, म्हणजे त्याच्या मानेशी किंवा तिच्या लगेच खाली, हाड मोडले की त्याला खुब्याचे फ्रॅक्चर म्हणतात. उतारवयात ते बहुधा साध्या पडण्याने होते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, माणूस कुशीवर आपटतो आणि मग त्याला उठताच येत नाही. दुखावलेला पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेले असते. हाडे धड असतील तर एवढ्याने खुबा सहसा मोडत नाही. मूळ दुखणे ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचे; पडणे हे निमित्त. साधारण तीन-चतुर्थांश रुग्ण स्त्रिया असतात.

आकडे वाचताना दर आणि संख्या यांची गल्लत फार होते. १९९० साली जगात असे सुमारे १६.६ लाख फ्रॅक्चर झाले आणि २०५० पर्यंत ते ६२.६ लाखांवर जातील, असा अंदाज १९९२ मध्ये मांडला गेला. त्यानंतर अनेक श्रीमंत देशांत वयानुसार काढलेला दर उतरला. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांत तो १९९५ मध्ये लाखामागे १,०५१ होता, २००५ मध्ये ७९४ झाला. तरीही जगभरातली एकूण संख्या वाढतेच आहे, कारण ऐंशी-नव्वदी गाठणारी माणसेच वाढली आहेत. दर घटल्याचे श्रेय सगळे औषधांना देणे मात्र घाईचे ठरेल. अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता १९९५ मध्ये मिळाली. पण अशी औषधे क्वचितच घेणाऱ्या पुरुषांतही दर खाली आला. धूम्रपान कमी होणे आणि वजन वाढणे यांचाही त्यात हात असावा. २०१२ नंतर तिथली घसरण थांबली. दरम्यान हाडांची घनता तपासून घेणे कमी झाले होते आणि दुर्मीळ दुष्परिणामांच्या भीतीने औषधेही मागे पडली होती.

फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचांतला एक ते तिघांतला एक रुग्ण दगावतो. पुरुषांना हे फ्रॅक्चर कमी होते, पण मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात जास्त. जीव हाडामुळे जात नाही. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया होतो, आधीच थकलेले हृदय साथ सोडते किंवा रक्ताची गाठ फुप्फुसात अडकते. म्हणून उपचाराची पद्धत बदलली की मृत्युदरही हलतो. इंग्लंडमध्ये २००७ साली खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१० पासून ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि वार्धक्यतज्ज्ञांची देखरेख अशा निकषांवर रुग्णालयांना जादा मोबदला मिळू लागला. ३० दिवसांतील मृत्यू २००७ मध्ये १०.९ टक्के होते, २०११ मध्ये ८.५ टक्के झाले.

घाई किती करावी, यालाही मर्यादा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या चाचणीत एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत झाली, दुसऱ्याची २४ तासांत. ९० दिवसांतील मृत्यूंत (९ आणि १० टक्के) लक्षणीय फरक पडला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम होण्याचे प्रमाण कमी राहिले आणि ते लवकर उभे राहिले.