झीत की शांब्र दोत? फ्रान्सच्या खेड्यात मुलाबाळांसह राहताना

फ्रान्सच्या खेड्यात सुट्टीसाठी घर शोधायला बसलं की दोन नावं सारखी समोर येतात: झीत आणि शांब्र दोत. दोन्हींच्या फोटोंत तीच दगडी भिंत, त्याच रंगवलेल्या खिडक्या, अंगणात तेच लोखंडी टेबल. पुष्कळदा दोन्ही एकाच आवारात असतात आणि मालकही एकच. मग लंडन-फ्रँकफर्टहून गाडीने निघणारी आपली मंडळी असोत की मुंबईहून येणारी, एका रात्रीचे दर शेजारी मांडतात आणि स्वस्त दिसेल ते ठरवून मोकळी होतात. ही तुलना मुळातच लंगडी आहे. झीत म्हणजे तुम्ही घर भाड्याने घेता, शांब्र दोत म्हणजे कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून उतरता. सकाळी चहा कोण करणार, चादरी कोण घालणार आणि निघताना केर कोण काढणार, हे एकदा ठरलं की निवड बऱ्यापैकी आपोआप होते.

शांब्र दोत समजायला आपल्याला सोपं, कारण एमटीडीसीची न्याहारी-निवास योजना साधारण त्याच वळणाची आहे. मालक त्याच घरात किंवा आवारात राहतो, स्वतः स्वागत करतो, खोलीत चादरी-टॉवेल तयार असतात आणि सकाळची न्याहारी दरातच धरलेली असते. हा त्याचा मोठेपणा नव्हे, तसा कायदाच आहे. एका घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एकूण पंधरा पाहुणे, हीदेखील कायद्याचीच मर्यादा. न्याहारी म्हणजे बहुधा पाव, लोणी, घरचा जॅम, क्रॉसाँ आणि कॉफी. सगळा कारभार गोडाचा, त्यामुळे सकाळी काहीतरी तिखट पोटात गेल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्यांनी चिवड्याचा डबा जवळ ठेवावा.

काही ठिकाणी रात्रीचं जेवणही मिळतं, त्याला ताब्ल दोत म्हणतात. ते हॉटेल नव्हे. सगळ्यांना एकच ठरलेलं जेवण, ते फक्त मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांसाठी आणि बहुतेक वेळा यजमानांच्याच टेबलावर. गप्पा रंगल्या तर यासारखी संध्याकाळ नाही. पण शाकाहारी असाल तर ते बुकिंग करतानाच कळवा. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्यसारख्या भागात बदकाशिवाय पान हलत नाही. संध्याकाळी सात वाजता 'आम्ही मांस खात नाही' म्हणालात तर बिचारी यजमानीण ऑम्लेट करून देईल, आणि घरात अंडंही न खाणारी आजी असेल तर तिच्या वाट्याला पाव आणि सॅलड.

झीतची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी रिकामी होऊ लागली, माणसं शहरांकडे गेली आणि शेतघरं पडून राहिली. दुसरीकडे शहरातल्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना सुट्टीला कुठे जायचं हा प्रश्न होताच. 1951 साली आल्प्सच्या दक्षिण टोकाला, तेव्हाच्या बास-आल्प जिल्ह्यात, सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने असं एक घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुलं झालं. 1955 मध्ये 'झीत द फ्रान्स' ही संघटना उभी राहिली. आजही झीत म्हणजे तेच: अख्खं घर किंवा घराचा स्वतंत्र भाग, चुलीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत. मालक किल्ली देतो आणि बाजूला होतो. (झीत देताप नावाचं तिसरंही एक प्रकरण आहे, ते डोंगरवाटा चालणाऱ्यांसाठी, बहुधा सामायिक खोल्यांचं. नाव बघून फसू नका.)

किल्ली हातात आल्यावरचे पहिले दोन तास मात्र तुमचे. जुलै-ऑगस्टमध्ये झीत बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतं. दुपारी चारच्या सुमाराला ताबा, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला निरोप. शनिवारी संध्याकाळी पोचलात आणि सामान लावून 'वाणसामान उद्या आणू' म्हणालात तर उद्या रविवार आहे. खेड्यातली दुकानं बंद, सुपरमार्केट उघडं असलंच तर सकाळपुरतं, आणि जवळचं गावही पाच-सात किलोमीटरवर. म्हणून वाटेतच दूध, पाव, बटाटे, कांदे आणि मीठ घेऊन पुढे जावं. हो, मीठसुद्धा, आधीच्या कुटुंबाने मागे ठेवलेलं अर्धं पाकीट सापडेल यावर भिस्त नको.

स्वयंपाकघर हाच झीत घेण्यातला खरा फायदा, तेव्हा त्याची चौकशी नीट करावी. शेगडी गॅसची की इंडक्शनची? इंडक्शन असेल तर घरून नेलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. तिथलाच कुकर आहे का विचारा. सेब कंपनीचा प्रेशर कुकर 1953 पासून फ्रेंच घरांत ठाण मांडून आहे, त्यामुळे बऱ्याच कपाटांत एखादा निघतो. त्याची शिट्टी आपल्यासारखी थांबून थांबून होत नाही, सतत फुसफुसत राहते, तेव्हा शिट्ट्या न मोजता घड्याळ लावा. आणि फोडणीच्या आधी खिडकी उघडा. 2015 पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराची सूचना देणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि त्याला मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही.

आता दरांकडे. झीतच्या भाड्यात काय नाही ते आधी वाचा. चादरी-टॉवेल पुष्कळदा वेगळे, शेवटची साफसफाई वेगळी किंवा स्वतः करायची, थंडीच्या दिवसांत हीटरची वीज मीटर बघून. वर अनामत. जाताना मालक घरभर फिरून ताटल्या-पेले बघतो आणि मग अनामत परत करतो, म्हणून आल्या आल्या फुटका कप दिसला तर तेव्हाच सांगून टाका. पर्यटन कर दोन्हीकडे पडू शकतो. 18 वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. शांब्र दोतचा दर खोलीचा असतो. चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्या लागल्या की तो दुप्पट, आणि दुपार-रात्रीचं जेवण बाहेर. दोन रात्रींसाठी हे ठीक आहे. सात रात्रींचा हिशेब मांडला की मुलं असलेल्या कुटुंबाला झीतच परवडतं.

दर्जाच्या खुणांवरून फार ताणू नये. झीत द फ्रान्स गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. सरकारी वर्गीकरणात तारे मिळतात, तेही एक ते पाच, पण ते घेणं ऐच्छिक असतं. तारा नसलेलं घर वाईट असतंच असं नाही. मला विचाराल तर ताऱ्यांपेक्षा जाहिरातीतली दोन वाक्यं महत्त्वाची: घर स्वतंत्र आहे की मालकाच्या घराला भिंत लागून आहे, आणि किती माणसांसाठी आहे. करारातल्या संख्येपेक्षा एक माणूस वाढला तरी मालक दारातून परत पाठवू शकतो. आपल्याकडे 'भाऊजीही येतायत' हे आयत्या वेळी ठरतं, तिथे ते चालत नाही. लहान मुलं असतील तर पोहण्याच्या तलावाला काय संरक्षण आहे तेही विचारा. कुंपण, गजर, आच्छादन किंवा झाकलेली शेड यांपैकी एक तरी कायद्याने लागतंच. मी स्वतः कुंपणाचंच घर शोधेन.

आगाऊ पैसे भरतानाही करारातला शब्द बघा. 'आर' म्हणून भरले असतील तर तुम्ही रद्द केल्यास ते जातात, आणि मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट परत द्यावे लागतात. 'आकोंत' असेल तर व्यवहार पक्का, आणि मागे फिरलात तर उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते.

मग शांब्र दोत कुणी घ्यावं? रोज गाव बदलणाऱ्यांनी. लोआर नदीकाठचे राजवाडे बघत पुढे सरकायचं असेल, दोघंच असाल, किंवा सोबतच्या आईवडिलांना 'स्वयंपाकाला आता सुट्टी' असं खरंच द्यायचं असेल, तर तेच बरं. दोर्दोन्यमधल्या सार्ला गावाच्या शनिवारच्या बाजारातून पिशवीभर अक्रोड नि टोमॅटो आणायचे, मुलांना नदीत होडी वल्हवू द्यायची, एखादा दिवस घरातच लोळायचं, असा बेत असेल तर झीत. आणि विमान गुरुवारी उतरत असेल तर दोन्ही घ्या: वाटेत दोन रात्री शांब्र दोत आणि शनिवारी दुपारी झीतची किल्ली. या दोन रात्रींसाठी उन्हाळ्यात घरं लवकर भरतात, तेव्हा झीत पक्कं झालं की त्याच दिवशी तेही बघून टाका.