नाव सुरुंगवाल्याचं, नळी टॉर्पेडोची

पिएत्रो मिक्का हा काही दर्यावर्दी वगैरे नव्हता. 1706 मध्ये फ्रेंच फौजेने इटलीतल्या तोरिनो शहराला वेढा घातला तेव्हा हा गडी किल्ल्याखालच्या भुयारात सुरुंगांच्या कामावर होता, फ्रेंच शिपाई भुयारात घुसले, लांब वात लावत बसायला वेळच नव्हता, मग ह्याने आखूड वात पेटवली आणि त्या स्फोटात स्वतः पण गेला. इटलीच्या नौदलाने आपल्या पहिल्या टॉर्पेडो क्रूझरला, म्हणजे टॉर्पेडो सोडायला बांधलेल्या लढाऊ जहाजाला, ह्याच माणसाचं नाव दिलं. म्हणजे नाव सुरुंगवाल्याचं आणि काम टॉर्पेडोचं. तशी त्या काळात हीच गल्लत सगळीकडे होती म्हणा, अमेरिकन यादवी युद्धात ज्याला टॉर्पेडो म्हणायचे ते खरं तर पाण्यात ठेवलेले सुरुंगच असायचे.

स्वतः पळणारा टॉर्पेडो, म्हणजे आपल्या पेपरवाल्यांचा पाणतीर, आला 1866 मध्ये. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेल्या फ्युमे शहरात रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो बनवला, मूळ कल्पना जोवान्नी लुप्पिस ह्या ऑस्ट्रियन नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्याची. आणि त्याच साली जुलैमध्ये लिस्साच्या लढाईत ऑस्ट्रियाने इटलीच्या आरमाराला चांगलंच लोळवलं होतं, त्यामुळे समोरच्याच किनाऱ्यावर काय शिजतंय ह्याकडे इटलीचं लक्ष असणार हे उघड आहे.

टॉर्पेडोत कॉम्प्रेस्ड हवेवर चालणारं इंजिन होतं, ते समजायला सोपं. खरी गंमत खोली सांभाळण्यात होती. पाण्याचा दाब मोजणारी एक झडप असते, टॉर्पेडो खोल गेला की ती सुकाणू वर वळवते, वर आला की खाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण नुसत्या झडपेवर सोडला तर तो डॉल्फिनसारखा वरखाली उड्या मारत जातो. गीझरचं पाणी सारखं करताना आपलं होतं तेच, गार लागलं म्हणून नळ जास्त फिरवला, गरम यायला वेळ लागतो म्हणून अजून फिरवला, मग एकदम चटका, मग परत उलटा. व्हाइटहेडने झडपेच्या जोडीला एक लंबक बसवला. झडप सांगते तू कुठे आहेस, लंबक सांगतो तुझं नाक कुठे वळलंय, दोघांचं मिळून सुकाणू फिरतं आणि उड्या थांबतात. ही जोडी त्याने कितीतरी वर्षं गुपित ठेवली, तिला नावच 'सिक्रेट' पडलं होतं.

तर हे शस्त्र वापरायला 'पिएत्रो मिक्का' व्हेनिसला बांधलं, ऑगस्ट 1876 ला पाण्यात उतरलं, जुलै 1877 ला तयार. एकच नळी होती, 16 इंची आणि ती पण नाकात. म्हणजे नेम धरायचा तर अख्खं जहाजच वळवायचं. आता हिशोब करून बघा, 18 नॉटचा टॉर्पेडो सेकंदाला सव्वानऊ मीटर जातो, शत्रू 400 मीटरवर असला तर पोचायला 43 सेकंद, तेवढ्यात 10 नॉटने चालणारं शत्रूचं जहाज सव्वादोनशे मीटर पुढे गेलेलं असतं. त्यामुळे जवळ जायला पाहिजे, तोफा खात खात जायला पाहिजे, आणि त्यासाठी वेग पाहिजे.

आणि नेमका वेगच मिळाला नाही. ठरवला होता तेवढा वेग ह्या जहाजाला कधीच आला नाही. ढोबळमानाने जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, 12 नॉटवरून 15 वर जायचं तर इंजिनाची ताकद जवळपास दुप्पट लागते, मग बॉयलर वाढवा, कोळसा वाढवा, वजन वाढलं की जहाज पाण्यात अजून बसतं आणि परत ओढ वाढते. 1870 च्या दशकातल्या बॉयलरांकडून हे होणारं नव्हतं. उलट जानेवारी 1878 मध्ये रशियनांनी काळ्या समुद्रावरच्या बाटुमीच्या बंदरात 'इंतिबाह' हे तुर्की जहाज टॉर्पेडोने बुडवलं ते चक्क छोट्या वाफेच्या लाँचमधून. मिक्काचा बराचसा काळ रिझर्व्हमध्ये गेला आणि 1894 ला ते भंगारात निघालं.

मधल्या काळात बेनेदेत्तो ब्रिन, हा माणूस नौदल मंत्री पण आणि स्वतः जहाजं डिझाइन करणारा इंजिनिअर पण (असे मंत्री आता शोधून दाखवा), ह्याने 'त्रिपोली' ही नवी टॉर्पेडो क्रूझर काढली. कास्तेल्लामारे दी स्ताबियाच्या गोदीत जून 1885 ला काम सुरू, डिसेंबर 1886 ला जहाज तयार, दीड वर्षात. आजच्या लिबियातलं त्रिपोली शहर तेव्हा तुर्कांकडे होतं हे लक्षात घ्या, पण इटलीचा डोळा कुठे होता ते नावातच दिसतं. साधारण 70 मीटर लांब, रुंदी जेमतेम आठ, पाच टॉर्पेडो नळ्या, एक 120 मिलिमीटरची तोफ, वेग 17 नॉटच्या वर. डिझाइन म्हणून मला ही मिक्कापेक्षा कितीतरी शहाणी वाटते. पण तिची बरीच वर्षं आरमाराबरोबर सरावातच गेली, आणि तोवर छोट्या स्वस्त टॉर्पेडो बोटी, भराभर गोळे सोडणाऱ्या तोफा आणि मग डिस्ट्रॉयर असं सगळं येत गेलं.

1897-98 मध्ये त्रिपोलीला सुरुंग पेरणारं जहाज केलं. हा निर्णय मला फार आवडतो, कारण आपल्याच किनाऱ्याजवळ सुरुंग टाकायला ना नेम लागतो ना जीवघेणा वेग. त्या काळातल्या बऱ्याच सुरुंगांना शिशाची शिंगं असायची, आत काचेची कुपी, जहाज धडकलं की मऊ शिसं वाकतं, कुपी फुटते, तिच्यातलं द्रावण कोरड्या बॅटरीत उतरतं आणि करंट सुरू. बॅटरी कोरडी असल्यामुळे सुरुंग कितीही महिने पाण्यात राहिला तरी संपत नाही. पहिल्या महायुद्धात त्रिपोलीने इटलीच्या किनाऱ्यापुढे सुरुंग टाकले आणि 1923 पर्यंत ती सेवेत होती, मिक्काच्या दुपटीहून जास्त.

मिक्काचं नाव मात्र परत आलं. 1935 ला इटलीने सुरुंग पेरणारी एक पाणबुडी पाण्यात उतरवली, तिचं नाव 'पिएत्रो मिक्का', जून 1940 मध्ये तिने अलेक्झांड्रियाजवळ सुरुंग टाकले. जुलै 1943 मध्ये 'ट्रूपर' ह्या ब्रिटिश पाणबुडीने तिला बुडवलं, टॉर्पेडो मारून.