स्वयंचलित श्वानभरण यंत्र

श्वानगृहात, म्हणजे बोलीभाषेतल्या केनेलमध्ये, ठेवलेल्या कुत्र्याला माणूस जवळ नसताना ठरल्या वेळी व ठरल्या मापाने कोरडे खाद्य देणारे साधन. खाद्य साठवणारे चाडे, त्यातून मोजके खाद्य सोडणारा मापक, ते वाडग्यापर्यंत नेणारी घसरण आणि वेळ राखणारे घड्याळ ही त्याची चार अंगे होत. वाडगा रिकामा होईल तसा आपोआप भरत जाणारे, घड्याळ व मापक नसलेले साधे पात्रही बाजारात याच नावाने मिळते. काटेकोर बोलायचे तर ते स्वयंचलित नव्हे, केवळ स्वयंवाही आहे. केनेलच्या दृष्टीने हा भेद शब्दांपुरता नाही.

परिभाषा : ‘हॉपर’ या अर्थी येथे ‘चाडे’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. पाभरीवरचे चाडे म्हणजे बुडाशी भोके असलेले लाकडी वाडगे. पेरणारा त्यावर मूठ धरतो आणि बोटांच्या फटीतून बी नळ्यांत सोडतो. साठा वर, ओघ खाली आणि मधे मापक, ही श्वानभरण यंत्राची सगळी रचना त्यात आहे. फक्त मापक माणसाचा हात आहे. घोड्याचा तोबरा हेही नेमके माप एकाच जनावराच्या तोंडी पोचवण्याचे जुने साधन. कुत्र्याच्या पात्राचे सर्वांत मानाचे नाव मात्र पुणे जिल्ह्यातच, जेजुरीच्या खंडोबाच्या उपासनेत आढळते. देवाचे कुत्रे म्हणवणारे वाघ्ये ‘कोटंबा’ नावाचे चौकोनी लाकडी पात्र बाळगतात, आणि चंपाषष्ठीच्या सुमारास त्यातले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खाण्याची चाल वर्णिलेली आहे.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. आपोआप माप देणाऱ्या यंत्रांची वंशावळ अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या प्राचीन ग्रीक यंत्रज्ञापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. नाणे टाकताच देवळातले पाणी मोजून देणारे यंत्र त्याने वर्णिले आहे. हेरॉनचा काळच वादग्रस्त आहे. त्याने उल्लेखिलेले चंद्रग्रहण इ.स. ६२ मधले असावे या विज्ञानेतिहासकार ओटो नॉयगेबाउअर यांच्या अनुमानावरून तो पहिल्या शतकात धरला जातो, पण ते अनुमान सर्वांना मान्य नाही. शिवाय पाणी आणि दाणा यांचे वाहणे मुळातच वेगळे असल्याने या यंत्राला पूर्वज मानणे ओढूनताणून वाटते. दुसरा पक्ष प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात उंदरांसाठी एकेक गोळी सोडणारी यंत्रणा वापरली, आणि ‘ठरलेली घटना, मग ठरलेला घास’ ही कल्पना तिथून आली असे मानतो. तिसरा पक्ष कोंबड्या व डुकरे पाळणाऱ्यांच्या, खाद्य आपोआप खाली उतरणाऱ्या लाकडी खोक्यांकडे जातो. अमेरिकेत ही खोकी साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारात आली असावीत, आणि डुकराला हवे तेव्हा हवे ते खाऊ द्यावे का, याचे प्रयोग आयोवात जॉन एव्हर्ड यांनी १९१५ च्या सुमारास केले. कुत्र्यांच्या यंत्राची घडण पाहता हा तिसरा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

तथापि पूर्वज कोणीही असो, कुत्र्यासाठी यंत्र शक्य झाले ते त्याचे अन्न दाणेदार झाल्यावर. जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने लंडनमध्ये १८६० च्या सुमारास कुत्र्यांची बिस्किटे विकायला आणली. तीही चाड्यातून वाहण्याजोगी नव्हती. दाबयंत्रातून फुगवून काढलेला, एकसारख्या आकाराचा दाणा राल्स्टन प्युरिना कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला. आजची बहुतेक यंत्रे हाच दाणा गृहीत धरतात. पुण्यातल्या अनेक केनेलांत चिकन-भात, दूध-भाकरी असे शिजवलेले अन्न दिले जाते. त्याला हे यंत्र निरुपयोगी आहे. ओल्या अन्नासाठी बर्फाच्या पिशवीवर ठेवलेले कप्प्यांचे झाकणबंद ताट मिळते, पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः पत्र्याच्या छपराखाली, त्यावर विसंबू नये.

दाण्याचे वाहणे : टाकीतले पाणी कमी होते तशी तोटीची धार मंदावते. दाण्याचे तसे होत नाही. चाडे भरलेले असो वा अर्धे, तोंडातून दर सेकंदाला जवळजवळ सारखेच दाणे पडतात. वाळूच्या घड्याळाचा आधार हाच. जर्मन अभियंता हागेन यांनी १८५२ मध्ये याची नोंद केली. भिंतींशी होणारे घर्षण दाण्यांचा बराचसा भार तोलून धरते हे यान्सन यांनी १८९५ मध्ये दाखवले, आणि या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध दीर्घकाळ सरळ मानला गेला. अलीकडच्या प्रयोगांत तोंडावरचा दाब बदलला तरी ओघ तसाच राहिल्याचे आढळले आहे. त्यामुळे ओघाचा वेग तोंडाजवळच्या दाण्यांच्या कमानीवर ठरतो, हे मत आता अधिक पटते. बेव्हरलू व सहकाऱ्यांच्या १९६१ मधील सूत्रानुसार ओघ तोंडाच्या व्यासाच्या, त्यातून दाण्याच्या आकाराच्या प्रमाणात काही भाग वजा करून, अडीचाव्या घाताने वाढतो.

यंत्र करणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. तोंड लहान केले की ओघ झपाट्याने घटतो, आणि आणखी लहान केले की दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात व सगळे थांबते. कमान टाळण्यासाठी गोल तोंड दाण्याच्या किमान सहापट असावे असा ठोकताळा आहे. १२ मिमी दाण्याला सुमारे ७२ मिमी. घरगुती यंत्रांची तोंडे पुष्कळदा मांजराच्या बारीक दाण्याच्या बेताने केलेली असतात, आणि मोठ्या कुत्र्याचा दाणा त्यांत हमखास अडतो. खरेदीपूर्वी आपलाच दाणा घालून पाहणे हा उत्तम उपाय. चाड्याच्या भिंती उभट व गुळगुळीत हव्यात; पसरट चाड्यात मधला दाणा वाहतो आणि कडेचा महिनोन्महिने तसाच पडून राहतो.

मापक : केवळ झडप उघडून मिटणारे यंत्र मिटताना दाणा चिमटून अडकते. कप्पेचाकात, म्हणजे फिरताना एकेका कप्प्यातले खाद्य खाली टाकणाऱ्या चाकात, पाती रबराची असतील तर हा दोष राहत नाही. नळीत फिरून दाणा पुढे ढकलणारे मळसूत्र (स्क्रू) मोठ्या दाण्यालाही चालते, मात्र मोटरवरचा भार वाढताच अर्धा फेरा उलट फिरण्याची सोय त्यात हवी. हे सर्व मापक आकारमान मोजतात, वजन नव्हे. कोरड्या खाद्याचा एक लिटर साधारण ३५० ते ४५० ग्रॅम भरतो, म्हणून खाद्याचा प्रकार बदलला की माप पुन्हा तपासावे लागते.

किती द्यायचे याचा हिशेब विश्रांतीच्या ऊर्जेवरून करतात : शरीराच्या किलोग्रॅममधल्या वजनाचा पाऊण घात गुणिले ७० किलोकॅलरी. २० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ६६० येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची १.६ पट घेतली, तर १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी देणारे खाद्य दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास लागते. ते दोन-तीन वेळांत विभागावे. कारवान, पश्मी यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना एकदाच भरपेट घालू नये. पोट फुगून पीळ पडण्याचा विकार जीवघेणा असतो. वाडगा उंचावर ठेवल्याने हा धोका टळतो असे पूर्वी सांगत. पर्ड्यू विद्यापीठात ग्लिकमन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उलटच निष्कर्ष काढला. पुढील अभ्यासांत तो तितका स्पष्ट नसला, तरी वाडगा जमिनीलगत ठेवणे सावधपणाचे.

केनेलमधील योजना : एकाच स्वयंवाही पात्रावर अनेक कुत्री सोडणे चूक आहे. दांडगा खातो, भित्रा मागे राहतो आणि कोणी किती खाल्ले हे कळतच नाही. म्हणून खणागणिक, म्हणजे प्रत्येक कुत्र्याच्या जाळीबंद कप्प्यागणिक, स्वतंत्र घसरण हवी. चाडे, मोटर व तारा बोळाच्या बाजूला आणि जाळीतून आत फक्त स्टीलची घसरण व वाडगा, ही मांडणी चावखोर कुत्र्यापुढे टिकते. शेजारचे खणही एकाच क्षणी भरावेत. पावलॉव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांप्रमाणेच इथलीही मोटरच्या आवाजाला लाळ गाळू लागतात, आणि आवाज होऊनही वाडगा रिकामा राहिलेला कुत्रा जाळीवर तुटून पडतो.

यंत्राची खरी कसोटी त्याने किती टाकले यात नसून किती उरले हे ते सांगते का, यात आहे. अन्न न खाणे हे पुष्कळ आजारांचे सुरुवातीचे लक्षण. दिवाळीत फटाक्यांमुळेही कित्येक कुत्री जेवत नाहीत. वाडग्याखाली वजनकाटा असलेले यंत्र निदान उरलेले दाखवते. तो नसेल तर सांभाळणाऱ्याने प्रत्येक जेवणानंतर खणापाशी जाऊन पाहिलेच पाहिजे. मालक परगावी असताना त्या कुत्र्याला दुसरे कोणी नसते. पाणी याच यंत्रावर सोपवू नये.

पुण्यातील परिस्थिती : पावसाळी दमटपणात दाणा मऊ पडतो, कमान धरतो आणि बुरशी लागते. अॅस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष कुत्र्याच्या यकृताला घातक असते. १९७४ मध्ये गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत बुरशीच्या मक्याने माणसे दगावली, तेव्हा तोच मका खाणारी कुत्रीही कावीळ व जलोदराने आजारी पडली होती. जून ते सप्टेंबर चाड्यात तीन-चार दिवसांपुरतेच खाद्य भरावे, झाकणाला रबरी कडे असावे, आणि जुन्यावर नवे न ओतता चाडे धुऊन पूर्ण वाळवावे. यंत्राच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गजन्य रोगाचे भय असते, म्हणून रात्री वाडग्यात दाणा राहू देऊ नये.

देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची येथील रीत लक्षात घेता १२ व्होल्टची बॅटरी आवश्यक आहे. घड्याळाला स्वतःचा सेल असावा. डीएस ३२३१ ही वेळ राखणारी इलेक्ट्रॉनिक चकती (चिप) असलेले परिमंडल वर्षाला सुमारे एक मिनिटाच्या आत चुकते. वेळापत्रक यंत्रातच साठवलेले असावे, कारण इंटरनेट गेले तरी कुत्र्याला भूक लागतेच. स्वतः बांधणाऱ्याला यंत्राचे नियंत्रण करणारी ईएसपी ३२ ही चकती, वजनकाट्याचे एचएक्स ७११ हे परिमंडल व मोटर चालवणारे परिमंडल (मोटर ड्रायव्हर) बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. गाडीच्या वायपरची जुनी, दणकट मोटर जुन्या बाजारात शोधावी.

कायदा : प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा मालकाचा अपराध आहे. कलम ३ प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही काळजीचे कर्तव्य टाकते, त्यामुळे केनेलचालकही त्यातून सुटत नाही.